विश्लेषण : जगभरातील अंडरग्राउंड हेवी मेटल बँड शोधायचे कसे? ॲपच्या शिफारशी पुरेशा का नाहीत?

चेक प्रजासत्ताकातील प्राग शहरात ‘कल्ट ऑफ फायर’ नावाचा एक ब्लॅक मेटल बँड आहे. त्याने २०१३ मध्ये काढलेल्या अल्बमचे नाव ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’ असे आहे आणि ते मूळ नावच देवनागरी लिपीत आहे. मेटलच्या जाणकार श्रोत्यांनी जगभर हा अल्बम उचलून धरला. मात्र देवनागरी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी फारच थोड्यांच्या कानावर तो गेला असेल. खिशातल्या फोनवर जवळपास सगळे संगीत उपलब्ध असताना असे का होते? अंडरग्राउंड मेटल शोधण्याची वाट ॲपच्या शिफारशीतून क्वचितच जाते. ती पूर्वीपासून एका श्रोत्याकडून दुसऱ्या श्रोत्याकडे गेलेली आहे. ही सवय मोडली तर नुकसान छोट्या बँडचे होईल, तसेच आपलेही.

अंडरग्राउंड मेटल म्हणजे नेमके काय?

हेवी मेटलची सुरुवात साधारणपणे ‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या बँडच्या १९७० मधील पहिल्या अल्बमपासून मानली जाते. पुढच्या दोन दशकांत या संगीताला अनेक फांद्या फुटल्या. वेगवान आणि धारदार गिटारचे थ्रॅश, खर्जातील गुरगुरणाऱ्या गायकीचे डेथ मेटल, किंचाळणाऱ्या आवाजाचे आणि मुद्दाम ओबडधोबड ध्वनिमुद्रण केलेले ब्लॅक मेटल, अतिशय संथ आणि जड असे डूम, तर काही सेकंदांत संपणाऱ्या गाण्यांचे ग्राइंडकोर. ‘मेटालिका’ किंवा ‘आयर्न मेडन’ यांच्यासाठी मैदाने भरतात. पण या फांद्यांवरचे बहुसंख्य बँड नोकरी सांभाळून, स्वतःच्या खर्चाने किंवा एखाद्या छोट्या लेबलच्या मदतीने अल्बम काढतात. शंभर कॅसेट किंवा पाचशे सीडी ही त्यांच्यासाठी मोठी आवृत्ती असते. रेडिओ, दूरचित्रवाणी, चित्रपट यांपैकी कशाचाही आधार त्यांना नसतो. अशा बँडना ढोबळपणे अंडरग्राउंड म्हटले जाते.

काही देशांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मोरोक्कोतील कासाब्लांका शहरात २००३ मध्ये १४ तरुणांना सैतानपूजेच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्यांचा ‘गुन्हा’ मेटल वाजवणे आणि ऐकणे एवढाच होता. मोठा जनक्षोभ उसळल्यावर अपिलात बहुतेकांची सुटका झाली. इराणमधील ‘कन्फेस’ या बँडच्या सदस्यांना २०१५ मध्ये अटक झाली, पुढे त्यांना नॉर्वेमध्ये आश्रय घ्यावा लागला. बगदादमधील ‘ॲक्रॅसिकॉडा’ या बँडची युद्धकाळातील फरफट ‘हेवी मेटल इन बगदाद’ या २००७ च्या माहितीपटात दिसते. या बँडसाठी देशाबाहेरचा श्रोता ही चैन नव्हती. आपण आहोत हे जगाला कळण्याचा तोच एक मार्ग होता.

इंटरनेटपूर्वी हे बँड जगभर कसे पोहोचत?

टपालाने. १९८० च्या दशकात ‘टेप ट्रेडिंग’ नावाचे एक मोठे जाळे उभे राहिले होते. एका शहरातील मुलगा स्थानिक बँडचा डेमो कॅसेटवर उतरवून दुसऱ्या देशातील मुलाला पाठवायचा, बदल्यात तिकडचा डेमो मागवायचा. पत्ते हाताने छापलेल्या किंवा झेरॉक्स केलेल्या छोट्या नियतकालिकांतून मिळत. त्यांना फॅनझिन म्हणत. टपालखर्च वाचवण्यासाठी तिकिटांवर साबण किंवा गोंदाचा थर दिला जाई. शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरता येत असे. ही अर्थातच टपाल खात्याची फसवणूक होती, पण हाती पैसा नसताना हे जाळे कसे चालले, हे त्यातून कळते.

या जाळ्याची ताकद मोठी होती. ‘मेटालिका’चा १९८२ मधील डेमो असाच हातोहात फिरत न्यू जर्सीतील एका बाजारात रेकॉर्डचा गाळा चालवणाऱ्या जॉन झझुला यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी बँडला बोलावून घेतले, ‘मेगाफोर्स’ हे लेबल सुरू केले आणि १९८३ मध्ये बँडचा पहिला अल्बम आला. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरातील ‘सेपुल्तुरा’ या बँडचे पहिले ध्वनिमुद्रण १९८५ मध्ये ‘कोगुमेलो’ या रेकॉर्डच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या लेबलने काढले. पुढे हाच बँड जगातील मोठ्या मेटल बँडमध्ये गणला गेला. टोकियोच्या ‘साय’ या बँडचा पहिला अल्बम १९९३ मध्ये निघाला तो थेट नॉर्वेतील एका छोट्या लेबलकडून. टोकियो आणि ओस्लो यांना जोडणारी कोणतीही मोठी कंपनी मध्ये नव्हती. कॅसेट होत्या, पत्रे होती आणि ‘हे ऐकून बघ’ असे सांगणारी माणसे होती.

मग आता अडचण कुठे आहे?

तेव्हा अडचण संगीत मिळण्याची होती. आता संगीत मिळते, पण त्या ढिगातून हवे ते हाती लागत नाही. ‘ल्युमिनेट’ या संगीतविषयक आकडेवारी गोळा करणाऱ्या कंपनीच्या २०२३ च्या अहवालानुसार स्ट्रीमिंग सेवांवर सुमारे १८ कोटी ४० लाख ट्रॅक होते. त्यातील सुमारे ८६ टक्के ट्रॅक वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी वेळा ऐकले गेले, तर साडेचार कोटींहून अधिक ट्रॅक एकदाही ऐकले गेले नाहीत.

शिफारस करणारी यंत्रणा मुख्यतः एका सोप्या तत्त्वावर चालते. तुम्ही जे ऐकता, तेच ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात हे पाहून ती तुम्हाला पुढचे गाणे सुचवते. त्यामुळे ज्या गाण्याला आधीच श्रोते आहेत, त्याला आणखी श्रोते मिळतात. ज्याला मुळातच चाळीस श्रोते आहेत, त्याच्याविषयी यंत्रणेकडे सांगण्यासारखे काहीच नसते. घाटातल्या एखाद्या उत्तम खानावळीचे नाव कोणी नोंदवलेच नसेल, तर फोनवरचा नकाशा आपल्याला महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलातच नेणार.

त्यात अर्थकारणाची भर पडते. ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून नियम केला की, आधीच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकल्या गेलेल्या ट्रॅकलाच ध्वनिमुद्रणाच्या मानधनात वाटा मिळेल. ‘डिस्कव्हरी मोड’ या सोयीत तर काही मानधन सोडण्याच्या बदल्यात गाणे शिफारशींत अधिक वेळा पुढे केले जाते. या दोन्हीत बेकायदा काही नाही. पण ज्या संगीताचा श्रोतावर्गच शेकड्यांत मोजला जातो, त्याच्या बाजूने ही मांडणी केलेली नाही, हे उघड आहे.

सगळा दोष ॲपला देणे योग्य आहे का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. टेप ट्रेडिंगच्या आठवणी कितीही रम्य वाटल्या तरी ते जग बंदिस्त होते. त्यासाठी इंग्रजी लिहिता यावे लागे, परदेशी टपालाचा खर्च परवडावा लागे आणि कोणाचा तरी पत्ता ठाऊक असावा लागे. त्यात मुलांचेच प्राबल्य होते. आज सोलापूर किंवा सावंतवाडीतील कॉलेजातली मुलगी बोत्स्वानातील बँड त्याच क्षणी ऐकू शकते, जेव्हा तो बर्लिनमध्ये ऐकला जातो. हा फार मोठा बदल आहे आणि तो तंत्रज्ञानानेच घडवला.

ॲपच्या शिफारशींनी मेटलमध्ये पहिले पाऊल टाकायलाही मदत होते. ‘मेटालिका’वरून ‘मेगाडेथ’कडे, तिथून ‘स्लेयर’कडे जाणे ॲप सहज घडवते. त्यानंतर मात्र ते त्याच पंचवीस-तीस नावांभोवती घुटमळत राहते. दार उघडायला ॲप उपयोगी पडते, पुढच्या खोल्यांची माहिती त्याच्याकडे नसते. आक्षेप यंत्रावर नाही. निवडीचे काम पूर्णपणे यंत्रावर सोपवण्याच्या आपल्या आळसावर आहे.

या जगाचा नकाशा कुठे मिळतो?

‘एन्सायक्लोपीडिया मेटालम’ या संकेतस्थळावर. चाहते त्याला ‘मेटल आर्काइव्ह्ज’ म्हणतात. कॅनडातील दोन चाहत्यांनी ते २००२ मध्ये सुरू केले. आज तिथे एक लाखाहून अधिक बँडची नोंद आहे आणि ती सगळी जगभरातील हौशी लोकांनी भरलेली आहे. बँड कुठल्या शहरातला, कधी स्थापन झाला, सध्या चालू आहे की बंद पडला, सदस्य कोण, लेबल कोणते, गाण्यांचे विषय कोणते, हे सगळे एका पानावर मिळते.

मुख्य म्हणजे इथे देशानुसार शोध घेता येतो. नेपाळ, श्रीलंका, पेरू, केनिया अशा कोणत्याही देशाची यादी उघडता येते. ‘समान कलाकार’ या भागात वाचकांनी सुचवलेले बँड असतात. त्या यादीमागे ऐकलेल्या माणसांचे मत असते. एक कळ दाबली की कोणताही एक बँड यादृच्छिकपणे समोर आणण्याची सोयही आहे. हे संकेतस्थळ कडक शिस्तीचे आहे. न्यू मेटल आणि मेटलकोर या वर्गांतील बरेच बँड तिथे ‘हे मेटल नाही’ म्हणून नाकारले जातात. त्यावरून वाद होतात आणि ते योग्यही आहेत. त्यामुळे तिथे एखादे नाव नसले म्हणजे तो बँड ऐकण्यासारखा नाही, असे समजू नये.

एका बँडवरून दुसऱ्याकडे कसे जायचे?

आवडलेल्या अल्बमची श्रेयनामावली वाचणे हा सर्वात जुना आणि आजही सर्वात खात्रीचा मार्ग आहे. अल्बम कोणत्या लेबलने काढला, कुठल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, मुखपृष्ठ कोणी काढले, आभार कोणाचे मानले, हे पाहावे. आभाराच्या यादीत बहुतेक वेळा मित्र बँडची नावे असतात. जुन्या काळी अनेकांनी याच याद्यांवरून पुढची खरेदी ठरवली.

लेबलचा माग काढणे विशेष उपयोगी. छोटे लेबल चालवणारा माणूस बहुधा स्वतःच्या आवडीवर पैसा लावत असतो. त्याचे दोन अल्बम आवडले, तर तिसरा आवडण्याची शक्यता बरीच असते. याचे एक उत्तम उदाहरण मुंबईत रुजलेले आहे. ‘ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी’ हे कुणाल चोक्सी यांचे लेबल भारतातून चालते, पण त्याच्या यादीत स्वीडनचा ‘पेगनायझर’, लिथुआनियाचा ‘क्रिप्ट्स ऑफ डिस्पेअर’, ब्राझीलचा ‘जुपिटेरियन’, नेदरलँड्सचा ‘ऑफिशियम ट्रिस्टे’ असे बँड आढळतात. डेथ मेटलच्या जगात या लेबलचे नाव आदराने घेतले जाते. मुंबईत मात्र ते किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

दुसरा मार्ग ‘बँडकॅम्प’चा. २००८ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर बँड आपले अल्बम थेट विकतात. खरेदीपूर्वी ते ऐकताही येतात. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रे दिसतात. त्यातील एकावर बोट ठेवले की त्या माणसाचा संपूर्ण संग्रह उघडतो. आपल्याला आवडलेला अनोळखी अल्बम ज्याने पैसे देऊन घेतला, त्याने आणखी काय घेतले हे पाहता येते. टेप ट्रेडिंगचे हे आजचे रूप म्हणता येईल, फक्त पाकीट आणि तिकीट तेवढे गेले.

सुरुवात कोणत्या देशांपासून करावी?

ऐकायची सवय असेल त्या प्रकारापासून करावी आणि देश बदलत जावे. सिंगापूरमधील ‘रुद्र’ हा बँड १९९२ पासून संस्कृत मंत्र आणि वेदान्ताच्या कल्पना डेथ मेटलमध्ये आणतो. या शैलीला ‘वेदिक मेटल’ म्हटले जाते. इंडोनेशियात पश्चिम जावामधील गारुत येथील तीन मुलींनी २०१४ मध्ये ‘व्हॉइस ऑफ बासेप्रोत’ सुरू केला. हिजाब घालून मेटल वाजवणाऱ्या या मुलींनी घरच्या आणि गावच्या विरोधाला तोंड दिले आणि २०२४ मध्ये त्या ब्रिटनमधील ग्लास्टनबरी महोत्सवात पोहोचल्या. न्यूझीलंडच्या ‘एलियन वेपनरी’ने थ्रॅश मेटल माओरी भाषेत गायले. तैवानच्या ‘थॉनिक’चा गायक फ्रेडी लिम २०१६ मध्ये संसदेवर निवडून गेला.

बोत्स्वानातील चामड्याची जाकिटे आणि काउबॉय टोप्या घालणारे मेटल चाहते छायाचित्रांमुळे जगभर ओळखीचे झाले. त्यांच्या छायाचित्रांना जेवढे प्रेक्षक मिळाले, तेवढे श्रोते ‘ओव्हरथ्रस्ट’, ‘रस्ट’ किंवा ‘स्किनफ्लिंट’ या तिथल्या बँडच्या संगीताला मिळाले नाहीत. ‘आफ्रिकेत मेटल?’ असे नवल करून पुढे सरकणे सोपे असते. गाणे पूर्ण ऐकणे हाच त्या बँडचा खरा सन्मान.

भारतात काय चित्र आहे?

मुंबईचा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ २००० पासून कार्यरत आहे. विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेला ‘दशावतार’ हा त्यांचा अल्बम २०१७ मध्ये आला. मुंबईतूनच ‘भयानक मौत’ आणि ‘गटस्लिट’ पुढे आले, बंगळूरुमधून ‘क्रिप्टोस’. ईशान्य भारतात तर मेटलची परंपराच आहे. ऐजॉलचा ‘थर्ड सॉव्हरिन’, शिलाँगचा ‘प्लेग थ्रोट’ ही त्यातली महत्त्वाची नावे. ‘प्लेग थ्रोट’ २०१४ मध्ये जर्मनीतील वाकेन या जगप्रसिद्ध मेटल महोत्सवात वाजवून आला. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने यूट्यूबवरून सुरुवात करून २०१९ मध्ये वाकेन गाठले. आज त्याला अंडरग्राउंड म्हणता येणार नाही, इतका तो मोठा झाला आहे.

मात्र ‘ब्लडीवूड’चे यश हा अपवाद आहे. आपल्याकडे बहुतेक बँडची गाडी दोन अल्बमनंतर थांबते. सरावाला जागा नाही, वाद्यमैफलींसाठी छोटी सभागृहे कमी, प्रवासखर्च मोठा आणि श्रोता विखुरलेला. परदेशी बँडची तिकिटे भराभर संपतात, स्थानिक बँडच्या मैफलीत ओळखीचेच चेहरे दिसतात. शोधण्याची सवय नसण्याची किंमत सर्वात आधी घरचेच बँड मोजतात.

सावधगिरी कोणती बाळगावी?

दोन गोष्टींची. पहिली, ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात नवनाझी आणि वंशद्वेषी विचारांचे बँड आहेत. त्यांचे अल्बमही त्याच दुकानांत, त्याच प्रकारच्या मुखपृष्ठांसह समोर येतात. मेटलमध्ये भीती, मृत्यू, धर्मावरील टीका हे विषय नवे नाहीत आणि त्यावरून कोणाला दोषी धरणे चूक ठरेल. पण माणसांच्या एखाद्या समूहाविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला आपले पैसे जाऊ नयेत, यासाठी खरेदीपूर्वी दोन मिनिटे गाण्यांचे विषय आणि लेबल तपासणे बरे.

दुसरी गोष्ट नवी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले ‘बँड’ आता स्ट्रीमिंग सेवांवर दिसू लागले आहेत. २०२५ मध्ये ‘व्हेल्व्हेट सनडाऊन’ नावाच्या अशाच एका निर्मितीने ‘स्पॉटिफाय’वर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळवले. ते सौम्य रॉक होते, पण मेटल यापासून दूर राहील असे मानण्याचे कारण नाही. शहराचे नाव नाही, सदस्यांची नावे नाहीत, एकही मैफल नाही आणि वर्षात सहा अल्बम, असे दिसले तर शंका घ्यावी. ब्लॅक मेटलमध्ये काही खरे कलाकारही टोपणनावाने आणि एकटेच काम करतात, हेही ध्यानात ठेवावे. इथेही खात्री पटते ती माणसांच्या साखळीतूनच. कोणी तरी त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले असते किंवा कोणी तरी त्यांच्याशी पत्रव्यवहार केलेला असतो.

सगळे फुकट मिळत असताना पैसे का मोजायचे?

कारण छोट्या बँडला त्यानेच फरक पडतो. ‘बँडकॅम्प’ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि टी-शर्ट, सीडी यांसारख्या वस्तूंवर १० टक्के हिस्सा घेते. म्हणजे पाच डॉलरच्या अल्बममधील बहुतांश रक्कम बँडला किंवा लेबलला मिळते. करोनाकाळात, मार्च २०२० पासून, काही ठरावीक शुक्रवारी हा हिस्साही न घेण्याची प्रथा या संकेतस्थळाने सुरू केली. भारतातून सीडी मागवली तर टपालखर्च वस्तूपेक्षा जास्त होतो. त्यामुळे डिजिटल प्रत हा परवडणारा पर्याय आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड असले की काम होते.

विकत घेतलेली प्रत उतरवून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. कोणतेही संकेतस्थळ कायमचे नसते. २००० च्या दशकात जगभरचे छोटे बँड ‘मायस्पेस’वर होते. सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वीचे संगीत नष्ट झाल्याचे त्या कंपनीने २०१९ मध्ये मान्य केले. असंख्य बँडच्या डेमोची तीच एकमेव सार्वजनिक प्रत होती. ‘बँडकॅम्प’ही २०२२ आणि २०२३ अशा सलग दोन वर्षांत दोनदा विकले गेले आणि दुसऱ्या विक्रीनंतर सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना काम गमवावे लागले. त्यामुळे संगीत जपण्याचे काम शेवटी श्रोत्यांच्या कपाटात आणि हार्ड डिस्कवरच होते. १९८० च्या दशकातील अनेक डेमो आज ऐकायला मिळतात, कारण कोणी तरी ती कॅसेट फेकून दिली नव्हती.

सामान्य श्रोत्याने काय करावे?

फार काही नाही. महिन्यातून एक तास काढावा. मेटल आर्काइव्ह्जवर एक देश निवडावा, तीन बँड ऐकावेत, त्यातील एक आवडला तर त्याचे लेबल आणि त्याचे खरेदीदार पाहावेत. दोन-तीन महिन्यांतून एक अल्बम विकत घ्यावा. आपल्या शहरात मैफल असेल तर मुख्य बँडची वाट न पाहता पहिला बँड वाजत असतानाच पोहोचावे. आणि जे आवडले ते कोणाला तरी नाव घेऊन सांगावे. नुसती लिंक पुढे ढकलण्यापेक्षा ‘तुला अमुक आवडतो ना, मग यातले तिसरे गाणे ऐक’ असे सांगितले तर समोरचा ते खरोखर ऐकतो.

अभिजात संगीतात, नाटकात, वाचनात ही सवय मराठी माणसाला नवी नाही. ‘हे पुस्तक वाचलेस का?’ असे विचारणाऱ्यांनीच आपली वाचनालये चालवली. मेटलचे श्रोते संख्येने थोडे असतील, पण त्यांनाही हेच लागू आहे. ज्या बँडचे चाळीस श्रोते आहेत, त्याचा एक्केचाळिसावा श्रोता कोणतेही ॲप आणून देणार नाही. तो आपल्यालाच व्हावे लागेल.